चाकातून घूं-घूं येतेय? बेअरिंग बदलायला टाकण्याआधी हे बघा

आधी लक्षणं. यातलं तुमचं कुठलं ते ठरवा.

– चाळिसाच्या आसपास सुरू होणारी आणि वेगाबरोबर चढत जाणारी घूं-घूं. गिअर बदला, ॲक्सिलरेटर सोडा, तिला फरक पडत नाही. सत्तर-ऐंशीला मागे बसलेला माणूस मोबाइलवर बोलताना आवाज चढवतो. हे टायर नाहीतर बेअरिंग (चाक ज्याच्यावर फिरतं ते गोळ्यांचं कडं).

– टक… टक… टक. हळू चालवताना मोजता येते, वेग घेतला की सलग टर्रर्र होते. खडा, खिळा, व्हीलकॅप, आणि वाईटात वाईट म्हणजे ढिले नट.

– बारीक चीं-चीं, ब्रेकवर जरा पाय ठेवला की थांबते किंवा बदलते. ब्रेक पॅड.

– पत्र्यावर खिळा ओढावा तशी खर्र, काल नव्हती आणि आज आहे. डिस्कपाशी खडा अडकलाय. ही खर्र फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर पॅड पार संपलेत.

– स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना कट-कट-कट. एक्सलचा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकाला देणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट.

– फक्त खड्ड्यात येणारं धड-धड. हे चाक नव्हे, सस्पेन्शन. त्याची भानगड वेगळी, इथे घेत नाही.

आता गाडी जागेवरून हलवायची नाही अशा गोष्टी, कारण या शेवटी लिहिल्या तर कोणी वाचत नाही. चाक डोळ्यांना डगमगताना दिसतंय, नट हाताने फिरतोय किंवा नटाचा बोल्ट तुटलाय, ब्रेक दाबल्यावर लोखंडाला लोखंड घासतंय, चाकातून जळका वास किंवा धूर येतोय, घूं-घूंची घरघर होऊन स्टिअरिंगला हादरे बसतायत. यातलं एक जरी असलं तरी गाडी बाजूला घ्या आणि मेस्त्रीला तिथे बोलवा किंवा टोचन करा. 'एवढं घरापर्यंत नेतो' म्हणू नका. घाटात तर नाहीच.

माझ्या दोन छोट्या पेट्रोल गाड्या चिपळूण स्टेशनवर भाड्याला असतात. गुहागर, गणपतीपुळे, कधी कुंभार्ली घाट उतरून-चढून कऱ्हाड. ही घूं-घूं मी बारा वर्षांत निदान वीस वेळा शोधली असेल, आणि सगळ्यात महाग पडली ती पहिली वेळ. गॅरेजमध्ये जाऊन छातीठोकपणे सांगितलं, 'पुढची बेअरिंगं गेलीत.' त्यांनी दोन्ही बदलली. गाडी फाटकातून बाहेर पडली ती तीच घूं-घूं करत. दोष मागच्या डाव्या टायरचा होता. गॅरेजला काय बोलणार, निदान माझं होतं. तेव्हापासून नियम केला: आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी बदलतो ते आधी लिहून काढायचं. कान फसवतो. पत्र्यातून आवाज असा फिरतो की मागच्या चाकाची घूं-घूं ड्रायव्हरला पायाखाली वाटते.

फुकटातली तपासणी: पाना आणि दोन डोळे

गाडी सपाटीला, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून. व्हीलकॅप असतील तर चारही काढा. त्यांचं एखादं क्लिप तुटलं की कॅप रिमवर टकटकते आणि माणूस उगाच घाबरतो. कॅप काढून एक किलोमीटर फिरलात आणि टकटक गेली, तर विषय तिथेच संपला.

मग नट. पंक्चर काढून चाक लावलं आणि दोन दिवसांत आवाज सुरू झाला असेल तर पहिला संशय नटांवर घ्या. पान्याने एकेक नट कसून बघा, शेजारचा नाही, समोरासमोरचा घ्यायचा. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो, तुमचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. टॉर्क पाना नसेल तर गाडीबरोबर आलेल्या पान्याने हाताच्या पूर्ण ताकदीने आवळा. पान्यावर उभं राहू नका, बोल्टचे आटे ताणले जातात. ही तपासणी पहिली घेण्याचं कारण सोपं आहे: बाकी सगळे दोष पैसे मागतात, हा चाक घेऊन जातो.

आता टायरची नक्षी. हँडब्रेक सोडून, गिअर काढून गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून बघावी लागते, नाहीतर खालचा भाग दिसतच नाही. खाचांत अडकलेले खडे स्क्रू-ड्रायव्हरने उकरा. खिळा किंवा स्क्रू दिसला तर उपसू नका, हवा जाईल. तसेच हळू पंक्चरवाल्याकडे जा. खड्याची टक ओळखायला एक हिशेब उपयोगी पडतो. १६५/८० मापाचा १४ इंची टायर एका फेऱ्यात सुमारे १.९५ मीटर जातो, म्हणजे ताशी १० किमीला सेकंदाला जेमतेम दीड टक. तुमची टक याच चालीने पडत असेल तर ती चाकाला चिकटलेली वस्तू आहे. याच्या चार-पाच पट वेगाने पडत असेल तर खडा शोधण्यात वेळ घालवू नका.

खडा काढताना टायरची कडही बघून घ्या. मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर क्लिप तुटून लोंबत असेल तर वळणावर टायर त्याला घासतो. रस्त्यात पडलेली सुतळी नाहीतर गोणपाटाची चिंधी एक्सलला गुंडाळलेली मी दोनदा काढलीय.

हवा बघा, टायर थंड असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. पंपावरचा पोरगा 'पस्तीस टाकू?' विचारतो म्हणून पस्तीस टाकायची नसते.

तळहाताची परीक्षा

जवळजवळ अर्ध्या घूं-घूंचा निकाल माझ्याकडे इथेच लागलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टायरला कुठे तार बाहेर आलीय का ते आधी डोळ्यांनी बघा. आली असेल तर टायर संपला, हात लावू नका. नसेल तर तळहात नक्षीवर ठेवा आणि फिरण्याच्या दिशेने हळू सरकवा, मग उलटा. चांगल्या टायरवर दोन्हीकडून सारखंच लागतं. खराब टायर एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीच्या दातांसारखा लागतो. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच राहिलेली असते. कधीकधी दात नसतात, पण चार-चार बोटांवर खळगे लागतात. हे दात किंवा खळगे रस्त्यावर आपटतात आणि त्याचीच घूं-घूं होते. ऐकायला हुबेहूब बेअरिंग.

दात बहुधा मागच्या टायरांच्या आतल्या बाजूला सापडतात, जिथे कोणी बघत नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मागचे टायर नुसते फरफटत येतात. अदलाबदल न करता पंचवीस-तीस हजार किमी तिथेच ठेवले की करवत तयार. खळगे असतील तर बॅलन्सिंग नाहीतर शॉकॲब्सॉर्बर बघायला हवा, आणि टायर एकाच कडेने खाल्ला गेला असेल तर अलाइनमेंट (चाकं सरळ रोखात आहेत का ते).

हात लावलाच आहे तर टायरचं वयही वाचा. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. जुन्या टायरचं रबर कडक होतं, नक्षी शिल्लक असली तरी आवाज वाढतो. नक्षीची खोली १.६ मिमीवर आली की टायर बाद, हा कायदाच आहे. खाचांच्या तळाशी रबराच्या आडव्या पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की समजायचं.

आता चालवून

यालाही पैसे लागत नाहीत, पण मोकळा रस्ता आणि शेजारी एक माणूस लागतो. ऐकायचं काम त्याचं. पंखा, गाणी बंद, काचा आधी वर, मग खाली.

पहिलं, रस्ता बदला. मुंबई-गोवा महामार्गाच्या काँक्रीटवर सगळ्याच गाड्या घूं-घूं करतात, नवी कोरीसुद्धा. तिथून आतल्या डांबरी रस्त्याला लागलात आणि आवाज एकदम बसला तर तो टायरचा. बेअरिंगला रस्ता कळत नाही, ते डांबरावरही तेवढंच वाजतं.

दुसरं, ५०-६० च्या वेगात सपाट, सरळ, रिकाम्या रस्त्यावर न्यूट्रल करून बघा. इंजिन बंद करायचं नाही. स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाते, चावी जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉक होतं. न्यूट्रलमध्येही आवाज तोच राहिला तर इंजिन आणि क्लच सुटले. उतारावर हा प्रयोग नको. परशुराम घाटात तर अजिबात नको.

तिसरं, वळण. नागमोडी हाणू नका, रुंद लांब वळण शोधा. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला आणि डावीकडे वळताना कमी झाला तर संशय डाव्या बेअरिंगवर. उलट असेल तर उजव्यावर. टायरच्या आवाजात असा चढउतार सहसा नसतो. दहातल्या आठ वेळा मला याने बाजू बरोबर मिळालीय. दोन वेळा उलटी मिळाली, म्हणून एवढ्याच पुराव्यावर बेअरिंग बदलायला टाकत नाही.

चौथं, ब्रेक. चालत्या गाडीत हलकासा ब्रेक लावा. चीं-चीं बंद झाली तर पॅड संपत आलेत. बऱ्याच पॅडना पत्र्याची बारीक जीभ असते, पॅड झिजला की ती डिस्कला टेकते आणि ओरडते. ती ओरडण्यासाठीच ठेवलेली आहे. पावसाळ्यात मात्र एक सूट द्या. आमच्याकडे जुलैत गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज चढतो. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला खर्र-खर्र होते आणि जाते. तो दोष नाही. त्याच दिवसांत हँडब्रेक ओढून ठेवला तर मागच्या ड्रमला लायनर चिकटतो आणि सकाळी फट्ट आवाज येऊन गाडी सुटते. मी जून ते सप्टेंबर गाडी सपाटीला गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाला दगड लावतो.

वीसेक किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवून थांबा आणि चारही चाकांच्या मधोमध तळहाताची मागची बाजू धरा. धरायची, टेकवायची नाही. डिस्कला तर चुकूनही नाही. पुढची दोन एकमेकांशी ताडायची, मागची दोन एकमेकांशी. एकच चाक ठळकपणे गरम असेल तर तिथे ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग जातंय. दोन्ही बाजू सारख्याच गरम असतील तर काही नाही.

शे-दोनशे रुपयांत: पुढचं मागे

पंक्चरवाल्याकडे जा, पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून घ्या. मी दीडशे देतो, वीस मिनिटं लागतात. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर त्याच बाजूला पुढे-मागे, डाव्याचं उजवीकडे नाही. मग तोच रस्ता, तोच वेग, तोच शेजारी. आवाज पुढून मागे गेला, त्याची पट्टी बदलली, तर टायर. काडीचाही फरक नाही, तर टायर निर्दोष. हे न करता बेअरिंगवर दोन-अडीच हजार घालणं म्हणजे माझ्या पहिल्या वेळेची पुनरावृत्ती. आणि हे काही वाया जात नाही, दर आठ-दहा हजार किमीला चाकं अशी फिरवायचीच असतात.

जॅक लावून

सपाट, टणक जमीन. लाल मातीवर जॅक रुतून कलतो, खाली फळी घ्या. तिरकस समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड. गाडी उचलली की स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवा, जॅक निसटला तर गाडी तिच्यावर बसेल. गाडीखाली डोकं घालायचं नाही. अशा अवस्थेत इंजिन चालू करून चाक फिरवायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

चाक वर आणि खाली धरून आलटून-पालटून ढकला-ओढा. मग डावी-उजवीकडून. वर-खाली धरल्यावर खट्ट असा प्ले (ढिलेपणा) लागला तर आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग. राहिला तर बॉल जॉइंट किंवा आसपासचं काही. फक्त डाव्या-उजव्या पकडीत प्ले असेल तर बहुधा टाय रॉड एंड. यातलं काहीही सापडलं की तुमचं काम संपलं, पुढे मेस्त्री.

पण प्ले नाही म्हणजे बेअरिंग ठणठणीत असं मात्र नाही. ही समजूत गॅरेजांतही आहे. बेअरिंग आधी वाजतं, ढिलं बरंच नंतर होतं. म्हणून पुढची परीक्षा. गाडी न्यूट्रलमध्ये. एका हाताची बोटं सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंगवर अलगद ठेवा, बाही आणि बोटं टायरपासून लांब, आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. चांगल्या बेअरिंगची स्प्रिंग गप्प असते. गेलेल्या बेअरिंगची बोटांखाली किरकिरते, जात्यात वाळूचा कण जावा तशी. हे एकदा बोटांना कळलं की परत शिकावं लागत नाही. पॅड डिस्कला पुसट घासल्याची 'श्श' कानाला येईल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. ती स्प्रिंगमध्ये जाणवत नाही. मग दुसऱ्या बाजूचं चाक असंच फिरवून तुलना करा.

चाक काढलंच तर तीन गोष्टी बघा. पॅडची जाडी: अस्तर तीन मिलिमीटरच्या आसपास आलं असेल तर बदलायची तयारी करा. डिस्कच्या मागचा पातळ पत्रा, ज्याला आम्ही डस्ट कव्हर म्हणतो: त्यात खडा बसला असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा किंचित बाहेर ओढा, खडा आपोआप पडतो. जांभ्याचा असेल तर दळून निघतो, काळ्या खडीचा डिस्कवर रेघ ओढून ठेवतो. आणि एक्सलचं रबरी बूट: रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर ते फाटलंय. अजून कट-कट सुरू झाली नसेल तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं. सुरू झाली असेल तर जॉइंट गेला.

इथून पुढे घरी नको

बेअरिंग घरी बदलायच्या फंदात पडू नका. पान्यांचा अख्खा संच माझ्याकडे आहे, तरी मी करत नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचं बेअरिंग नॉकलमध्ये (चाकामागच्या लोखंडी भागात) दाबून बसवलेलं असतं, त्याला प्रेस (दाब देणारं यंत्र) लागतो. नॉकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर द्यावा लागतो आणि हब (चाक ज्याला बसतं तो मधला भाग) घालताना आधार आतल्या रिंगला. हातोड्याने ठोकलं तर गोळ्या रिंगांवर डोळ्यांना न दिसणारे खळगे पाडतात, आणि नवं बेअरिंग काही हजार किमीत वाजायला लागतं. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत भर म्हणजे बऱ्याच बेअरिंगांच्या एका बाजूला चुंबकीय कडं असतं. बेअरिंग उलटं बसलं तर समोर एबीएसचा दिवा पेटतो आणि सगळं परत खोला. म्हणून गॅरेज निवडताना मी एकच विचारतो: 'प्रेस आहे का तुमच्याकडे?' 'हातोड्यानेच बसतं हो' म्हणाले की नमस्कार. एक्सलचा मोठा नटही नवा लावायला सांगा, आणि तो ठरलेल्या टॉर्कलाच.

पुराच्या पाण्यातून काढलेल्या गाडीबद्दल दोन ओळी जास्त. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घुसलं तेव्हा माझी एक गाडी दाराच्या हँडलपर्यंत बुडाली. इंजिन, सीट, वायरिंग सगळं निस्तरलं, चाकांकडे कोणी बघितलं नाही, कारण ती फिरत होती. दिवाळीच्या सुमाराला घूं-घूं सुरू झाली. पहिलं बेअरिंग उघडलं तर ग्रीस दुधाळ चहाच्या रंगाचं, आणि त्यात गाळ. चारही बदलावी लागली. आळीतल्या आणखी तीन गाड्यांची हीच गत. सील पाण्याचे फवारे अडवतं, तासन्‌तास बुडून राहणं नाही. आणि गरम चाक गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसून सीलमधून पाणी ओढते. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर आवाजाची वाट न बघता महिनाभरात ती स्प्रिंगवाली परीक्षा करून घ्या.

मेस्त्रीकडे गेल्यावर 'बेअरिंग बदला' असं सांगू नका. 'साठला वाजतं, न्यूट्रलमध्येही, डांबरावरही, उजव्या वळणावर वाढतं, चाकं पुढे-मागे केली तरी तसंच' एवढं सांगा. गेल्या वेळी मी हे कागदावर लिहून नेलं होतं. त्याने वाचलं, गाडी उचलली, डाव्या स्प्रिंगला हात लावला आणि दहा मिनिटांत कामाला लागला. एका बाजूचे मजुरीसकट २,४०० झाले. दुसऱ्या बाजूला हात लावू दिला नाही, ती वाजत नव्हती.

चाक परत बसल्यावर शंभरेक किलोमीटरनी नट पुन्हा आवळून घ्या. आणि काढलेलं बेअरिंग मागून घ्या. त्याच्या आतल्या रिंगमध्ये दोन बोटं घालून फिरवलं की किरकिर हाताला लागते. माझ्या डॅशबोर्डच्या खणात असं एक पडलेलं आहे. नवा ड्रायव्हर 'साहेब, चाकातून आवाज येतोय' म्हणत आला की आधी ते त्याच्या हातात देतो.